ऑनलाइन दुकानाची दलाली : घ्यावी की न घ्यावी?

दुकानात बसलो म्हणजे आजकाल आठवड्यातून एखादा तरी तरुण आम्हाला विचारतो, "चाचा, मोबाइलवर लिंक टाकली की घरबसल्या कमिशन मिळते म्हणतात. खरे आहे का?" प्रश्न विचारणाऱ्यात शिंप्याचा मुलगा असतो, यंत्रमागावर काम करणाऱ्याचा असतो, आणि कधी कधी आमच्यासारख्याच एखाद्या जुन्या कापड दुकानदाराचाही असतो. उत्तर एका शब्दात द्यायचे तर "खरे आहे". परंतु खरे असणे निराळे आणि परवडणे निराळे. हा व्यवहार आम्ही स्वतः काही महिने करून पाहिला आहे. त्यात काय मिळाले आणि काय गेले, याचा हिशेब वाचकांपुढे मांडावा, या हेतूने हा लेख लिहीत आहोत.

व्यवहार काय आहे?

इंग्रजीत याला अ‍ॅफिलिएट म्हणतात. आपल्या बाजाराच्या भाषेत सांगायचे तर ही दलालीच आहे. ऑनलाइन विक्री करणारी कंपनी आपल्याला एक खाते उघडून देते. तिच्या दुकानातील कोणत्याही वस्तूची लिंक आपण घेतली की त्या लिंकमध्ये आपली खूण जोडलेली असते. ही लिंक आपण आपल्या वेबसाइटवर, यूट्यूबच्या व्हिडिओखाली किंवा फेसबुकच्या पानावर ठेवायची. ती दाबून कोणी कंपनीच्या दुकानात गेला आणि त्याने ठरावीक मुदतीत खरेदी केली, तर त्या खरेदीवर आपल्याला शेकडा काही रक्कम मिळते. माल आपला नाही, भांडवल आपले नाही, गोदाम नाही, उधारी नाही. गिऱ्हाइकाला कंपनीचा दरवाजा दाखवायचा, एवढेच आपले काम.

ही पद्धत इंटरनेटच्या बाजाराइतकीच जुनी आहे. अमेरिकेत सीडीनाऊ नावाच्या संगीत विकणाऱ्या कंपनीने १९९४ साली असा कार्यक्रम सुरू केला. त्यानंतर अ‍ॅमेझॉनने, जे त्या वेळी फक्त पुस्तकांचे दुकान होते, जुलै १९९६ मध्ये आपली 'असोसिएट्स' योजना काढली, आणि तिच्यामुळे ही पद्धत जगभर पसरली. भारतात अ‍ॅमेझॉनचे दुकान जून २०१३ मध्ये सुरू झाले आणि ही दलालीही त्याच्यामागोमाग आपल्याकडे आली. आज कपडे, औषधे, प्रवासाची तिकिटे, बँकांची कार्डे, सर्वांसाठी अशा योजना आहेत. आम्ही उदाहरणादाखल मुख्यतः अ‍ॅमेझॉनच्या अटी घेतल्या आहेत, कारण त्या उघड आहेत आणि इतर कंपन्यांच्या अटीही बहुतेक त्याच साच्यातल्या असतात.

फायद्याची बाजू

पहिला फायदा म्हणजे यात भांडवल लागत नाही. कापडाच्या धंद्यात पैसा आधी अडकतो आणि नफा मागून येतो, कधी येतही नाही. इथे अडकण्यासारखे काही नाही. खाते उघडण्यास कंपनी पैसे घेत नाही. खाते उघडून देतो म्हणून कोणी मध्यस्थ पैसे मागत असेल, तर त्याच्यापासून दूर राहावे.

दुसरा फायदा असा की, जी वस्तू आपण ठेवत नाही तिच्यावरही दोन पैसे मिळतात. आमच्या ओळखीचे एक दर्जी आहेत. कटिंगचे व्हिडिओ करतात. शेरवानीची कॉलर कशी बसवावी, शिवणयंत्राचा टाका का तुटतो, असे विषय घेतात. व्हिडिओखाली कात्री, सुया, मापाची पट्टी, यंत्राचे तेल यांच्या लिंक देतात. पाहणाऱ्याला वस्तू मिळते, त्यांना कमिशन मिळते, आणि त्यांच्या शिलाईच्या कामाला धक्का लागत नाही. त्यांच्याकडे इल्म आहे आणि इल्माला मोबदला मिळतो. या योजनेचा याहून चांगला उपयोग आम्ही पाहिलेला नाही.

तिसरा फायदा म्हणजे, ज्या वस्तूची लिंक दिली तीच गिऱ्हाइकाने घेतली पाहिजे असे नाही. आपल्या लिंकवरून आत गेलेल्या माणसाने मुदतीत दुसरी पात्र वस्तू घेतली तरी कमिशन लागते. कात्री पाहायला गेला आणि शिलाई यंत्र घेऊन आला, असे घडू शकते.

चौथा फायदा शिकण्याचा आहे. लोक काय शोधतात, कोणत्या किमतीला थांबतात, कोणत्या फोटोवर बोट ठेवतात, हे बिनखर्चाने कळते. पुढे स्वतःचा माल ऑनलाइन विकायचा असेल तर ही शिकवण कामी येते.

आता दुसरी बाजू

येथे तराजूचे दुसरे पारडे पाहू. ते जड आहे.

एक. दर कंपनी ठरवते आणि कंपनीच बदलते. अमेरिकेत अ‍ॅमेझॉनने एप्रिल २०२० मध्ये, कोरोनाच्या टाळेबंदीत, केवळ आठवडाभराच्या सूचनेने दर उतरवले. फर्निचर आणि घरसामानावरील कमिशन शेकडा ८ वरून ३ झाले, किराण्यावरील ५ वरून १ झाले. म्हणजे फर्निचरच्या लिंकवर ज्याला महिना ८०० डॉलर मिळत होते, त्याला तेवढ्याच विक्रीवर ३०० मिळू लागले. आमच्या बाजारात दलालीचा दर पाडायचा तर दलाल आणि पेढीवाले समोरासमोर बसतात, बोलाचाली होते, चहा होतो. इथे फक्त ईमेल येतो.

दोन. मुदत फार अपुरी आहे. अ‍ॅमेझॉनच्या योजनेत लिंक दाबल्यापासून २४ तास मोजले जातात. तेवढ्यात गिऱ्हाइकाने वस्तू टोपलीत टाकली नाही आणि परवा स्वतःहून जाऊन घेतली, तर आपली दलाली गेली. मधल्या काळात दुसऱ्या कोणाची लिंक दाबली तर आपल्याऐवजी त्याचा हक्क लागू शकतो. लग्नाची खरेदी करणारे घर चोवीस तासांत निर्णय घेत नाही, हे आपण सर्व जाणतो.

तीन. परत आलेल्या मालावर कमिशन नाही. कपड्यात माप चुकते, रंग फोटोपेक्षा निराळा निघतो, म्हणून परतीचे प्रमाण जास्त असते. शिवाय पैसे लगेच हातात येत नाहीत. अ‍ॅमेझॉनमध्ये महिना संपल्यावर साधारण साठ दिवसांनी रक्कम मिळते.

चार. अटी कडक आहेत, आणि दुकानदाराच्या स्वभावाच्या विरुद्ध आहेत. नवीन खात्यावर १८० दिवसांत तीन पात्र विक्री झाल्या नाहीत तर खाते बंद होते. स्वतःसाठी केलेल्या खरेदीवर कमिशन मिळत नाही. ज्या पानावर लिंक ठेवणार ते पान कंपनीकडे नोंदवावे लागते. छापील पत्रकावर लिंक देणे, तोंडी प्रचार करून गिऱ्हाईक पाठवणे, हे अटींत बसत नाही. दुकानदार तर तोंडानेच विकतो! ही एकच अट आपल्यापैकी निम्म्या लोकांना बाहेर काढणारी आहे.

पाच. खाते आपले नाही. अमेरिकेत काही राज्यांनी असे कायदे केले की, राज्यात लिंक देणारे सहयोगी असतील तर कंपनीने विक्रीकर गोळा करावा. त्यावर अ‍ॅमेझॉनने २००९ साली नॉर्थ कॅरोलिना आणि ऱ्होड आयलंड, आणि जून २०११ मध्ये कॅलिफोर्निया येथील सहयोग्यांचे करार संपवले. कॅलिफोर्नियात सरकारशी समझोता झाल्यावर सप्टेंबर २०११ मध्ये योजना पुन्हा सुरू झाली. भांडण कंपनी आणि सरकार यांचे होते. मधल्या मधे रोजी गेली ती लिंकवाल्यांची. त्यांचा काही गुन्हा नव्हता.

सहा, आणि सर्वांत मोठा तोटा. गिऱ्हाईक आपले राहत नाही. याविषयी स्वतःचा अनुभव सांगणे आम्हाला भाग आहे.

आमचा अनुभव

आमचे दुकान चादरी, दुपट्टे आणि ड्रेस मटेरियलचे. धाकट्या मुलाने एक दिवस हिशेब मांडला. म्हणाला, "अब्बा, हजार रुपयांची चादर विकून भाडे, वीज, नोकर वजा जाता आपल्याला ऐंशी रुपये उरतात. हजाराच्या लिंकवर शेकडा पाच धरले तरी पन्नास मिळतात, आणि भांडवल शून्य." हिशेब चुकीचा नव्हता. आम्ही होकार दिला आणि एका ऑनलाइन कंपनीकडे खाते उघडले. कंपनीचे नाव घेण्याचे कारण नाही, कारण तिच्या अटी आम्ही वाचल्या नव्हत्या, हा दोष आमचाच.

अटी इंग्रजीत होत्या आणि चांगल्या वीस-पंचवीस पानांच्या होत्या. आमचे शिक्षण उर्दू शाळेतले. मुलाने खालच्या चौकोनात खूण केली आणि पुढे गेला. मग आम्ही गिऱ्हाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात लिंक टाकू लागलो. जुनी माणसे, विश्वासाची माणसे. आम्ही पाठवले म्हणजे चांगलेच असणार, असे समजून ती खरेदी करू लागली. घरातल्यांनीही त्याच लिंकवरून दोन-चार वस्तू घेतल्या. पाच महिन्यांत खात्यावर ६ हजार ३०० रुपये जमा दिसू लागले. सहाव्या महिन्यात खाते बंद झाल्याचा निरोप आला. बंद गटात लिंक पाठवणे आणि घरच्या पत्त्यावर खरेदी करणे हे अटींच्या बाहेर होते. जमा दिसणारी रक्कमही गेली. दाद मागायला समोर माणूस नव्हता. अर्ज केला, त्याचे ठरलेल्या नमुन्यातले उत्तर आले.

६ हजार ३०० गेले, त्याचे आम्हाला फार दुःख नाही. धंद्यात याहून मोठे खड्डे पाहिले आहेत. दुःख निराळ्या गोष्टीचे आहे.

आमच्याकडे एक घर दोन पिढ्यांपासून येत होते. मोठ्या मुलीच्या निकाहची खरेदी आमच्याकडून, त्याआधी तिच्या आईच्या निकाहची खरेदी आमच्या वालिदसाहेबांकडून. धाकटीचे लग्न ठरले तेव्हा त्यांनी मिक्सर, कुकर, इस्त्री, सुटकेस यांविषयी विचारले. आम्ही मोठ्या उत्साहाने लिंक दिल्या. १२ हजारांचा माल त्यांनी मागवला. शेकडा चारच्या दराने ४८० रुपये खात्यात दिसले. चादरी, अभ्रे आणि जोड्यांचे कापड घ्यायला ते येतील म्हणून आम्ही माल काढून ठेवला होता. ते आले नाहीत. पुढे भेट झाली तेव्हा त्या बाईंनी सहज सांगितले, "भाईसाहेब, तुम्ही दाखवले त्याच दुकानात सगळे मिळाले. रोज मोबाइलवर त्यांचा निरोप येत होता, की यावर सूट आहे, त्यावर सूट आहे."

त्यांनी काही वाईट केले नाही. कदाचित उद्या ना परवा त्या तिकडे गेल्याच असत्या. परंतु रस्ता आम्ही दाखवला, हात धरून नेऊन सोडले, आणि ४८० रुपये घेतले. तेही मिळाले नाहीत.

जुना दलाल आणि नवा दलाल

भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागावर कोरे कापड निघते. ते मुंबईच्या व्यापाऱ्यापर्यंत पोहोचवण्यात दलालाचा हात असतो, हे आपल्याला ठाऊक आहे. हा दलाल दोन्ही बाजूंना ओळखतो. कोणाचे कापड वजनाला हलके, कोणाची पार्टी पैसे लांबवणारी, हे त्याच्या डोक्यात असते. माल बिघडला तर तडजोड तोच करतो. म्हणून पुढच्या सौद्यालाही त्याची गरज राहते. नव्या दलालीत पहिल्या सौद्यानंतर दलालाची गरज संपते. गिऱ्हाइकाचे नाव, पत्ता, मोबाइल क्रमांक, पसंती, हे सर्व कंपनीकडे जाते. आपल्याला फक्त आकडा दिसतो. दुकानदाराची खरी मिळकत त्याच्या कपाटातल्या थानात नसते, ती त्याच्या गिऱ्हाइकांच्या वहीत असते. ती वही शेकडा चारने विकणे हा घाट्याचा सौदा आहे.

कराचा हिशेब

या बाबीकडे आपले लोक दुर्लक्ष करतात, म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

कमिशन हे उत्पन्न आहे आणि आयकराच्या विवरणात ते दाखवावे लागते. कमिशनवर कापला जाणारा टीडीएस १ ऑक्टोबर २०२४ पासून ५ टक्क्यांवरून २ टक्के करण्यात आला, आणि ज्या वार्षिक रकमेपर्यंत तो कापला जात नाही ती मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून १५ हजारांवरून २० हजार रुपये झाली. कापलेली रक्कम बुडत नाही. विवरण भरताना ती देय करातून वजा होते, जास्त असेल तर परत मिळते. पॅन दिला नाही तर मात्र कपात २० टक्के होते.

जीएसटीचा मुद्दा याहून नाजूक आहे. महाराष्ट्रात फक्त माल विकणाऱ्याला ४० लाखांच्या वार्षिक उलाढालीपर्यंत नोंदणीतून सूट आहे. यातला 'फक्त' हा शब्द महत्त्वाचा आहे. कमिशन ही सेवा आहे. मालासोबत सेवेचेही उत्पन्न सुरू झाले की ४० लाखांची सवलत लागू राहत नाही आणि २० लाखांची मर्यादा लागते. समजा एखाद्या दुकानदाराची उलाढाल ३० लाख आहे आणि त्याने हजार-दोन हजारांच्या कमिशनसाठी हे काम सुरू केले, तर नोंदणीचा प्रश्न उभा राहू शकतो. जे कंपोझिशन योजनेत आहेत, त्यांना सेवेची मुभा मर्यादित आहे : मागील वर्षीच्या राज्यातील उलाढालीच्या १० टक्के किंवा ५ लाख रुपये, यांपैकी जी रक्कम जास्त असेल तेवढीच. म्हणून खाते उघडण्यापूर्वी आपल्या कर सल्लागाराला एकदा विचारावे. त्याची फी पुढच्या दंडापेक्षा कमीच असते.

उघड सांगणे आणि पाहून सांगणे

लिंक देताना "या लिंकवरून खरेदी झाल्यास आम्हाला कमिशन मिळते" असे स्पष्ट लिहावे. ही केवळ सभ्यता नाही. जाहिरात क्षेत्राच्या एएससीआय या संस्थेने जून २०२१ पासून आणि केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याने जानेवारी २०२३ मध्ये याविषयी नियम सांगितले आहेत. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली १० लाखांपर्यंत, आणि पुन्हा तोच प्रकार झाल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

दलालीची मजुरी मुळात जायज आहे. मात्र ज्या मालाची दलाली तो माल कसा आहे आणि त्याचे वर्णन खरे आहे का, हे आपल्याला पाहावे लागते. न पाहिलेल्या वस्तूला "उत्तम" म्हणणे हे दुकानातही चूक आणि मोबाइलवरही चूक. शिवाय व्याजाचे कर्ज, क्रेडिट कार्ड, पैसे लावून खेळायचे खेळ यांच्या लिंकवर कमिशनचे मोठे आमिष दाखवले जाते. तिकडे तरुणांनी वळू नये, एवढे सांगून पुढे जातो.

मग कोणी करावे?

आमचे मत पुढीलप्रमाणे आहे.

ज्याच्याकडे सांगण्यासारखे हुन्नर आहे, म्हणजे दर्जी, सुतार, मिस्त्री, मेहंदी काढणारी मुलगी, स्वयंपाक शिकवणारी बाई, त्याने जरूर करावे. पण आपल्या कामात लागणारी अवजारे आणि सामान यांच्यापुरते, आणि सर्वांना दिसेल अशा पानावर. दुकानाचे भाडे त्यातून निघेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नये.

ज्याचे स्वतःचे दुकान आहे, त्याने आपल्या मालाच्या जातीच्या वस्तूची लिंक कधीही देऊ नये, आणि आपल्या नेहमीच्या गिऱ्हाइकाला तर मुळीच देऊ नये. चादर विकणाऱ्याने चादरीच्या कंपनीचा रस्ता दाखवू नये.

ज्या कारागिराचा स्वतःचा माल आहे, त्याने दुसऱ्याच्या मालाची दलाली करण्याआधी स्वतःचा माल तिथे विकता येतो का ते पाहावे. १ ऑक्टोबर २०२३ पासून उलाढालीच्या मर्यादेखालील लहान विक्रेत्याला जीएसटी नोंदणीशिवायही, ठरावीक अटींवर, आपल्या राज्यातल्या राज्यात अशा दुकानांमार्फत माल विकता येतो. त्यात खर्च आहे, परतीचा त्रास आहे. पण मालावर नाव आपले असते.

खाते उघडणाऱ्या प्रत्येकाने अटी घरातल्या शिकलेल्या मुलामुलीकडून वाचून घ्याव्यात. आमची मुलगी आता प्रत्येक कागद आम्हाला उर्दूत समजावून सांगते, मगच आम्ही होकार देतो. हे आधी केले असते तर हा लेख निम्म्याने लहान झाला असता.

शेवटी एक गोष्ट. त्या प्रकारानंतर आम्ही कंपनीची युक्ती आपल्याच दुकानात वापरली. मोहल्ल्यातल्या चार बायका ओळखीच्या घरी आमच्या चादरींचे फोटो दाखवतात. ऑर्डर आली की त्यांना शेकडा पाच देतो, त्याच दिवशी, रोख. दर वर्षभर बदलणार नाही असे आम्ही त्यांना सांगितले आहे. गिऱ्हाइकाचे नाव आमच्या वहीत लिहिले जाते आणि आणणारीचे नावही त्याच्यासमोर लिहिले जाते. ते गिऱ्हाईक पुन्हा आले तरी तिचा हिस्सा चालू राहतो.

विक्री फार मोठी नाही. पण मागच्या महिन्यात त्यांच्यापैकी एक त्या जुन्या घरी गेली होती. बाईंनी चादरींचे दोन जोड मागवले, आणि पैसे द्यायला स्वतः दुकानात आल्या.